पाटकऱ्याची भाकर

माझे वडील खादाड होते. त्यांच्या माघारी बोलते आहे असं कुणी समजू नये. मी हे त्यांच्या तोंडावरही बोलायचे, आणि ते घास चावता चावता मान डोलवून कबूल करायचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर लसणाचा ठेचा, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, एवढं समोर आलं की आबांना इंग्रजाचं राज्य आहे की गेलं याचीही फिकीर नसे. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. आम्ही म्हणजे मीच. आई मी लहान असतानाच गेली, आणि भावंडं झाली ती राहिली नाहीत.

मला स्वयंपाक शिकवला तो आबांच्या जिभेने. त्यांना स्वतःला चूल पेटवण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण ताटावर बसले की मोठे पंडित. "मीठ कमी शे," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी, "आज मीठनं पोतं उलटं कयं का?" मी चिडायचे, लाटणं आपटायचे, तरी तिसऱ्या दिवशी मीठ बरोबर पडायचं. अशी आपटत आपटत मी सुगरण झाले. मग आबा दोन्ही हातांनी जेवायला लागले म्हणा ना.

आता अशा माणसाला गावाने काम काय द्यावं? पाटकऱ्याचं.

आमचं गाव म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरातून उतरणाऱ्या लहानशा नदीवर जुना दगडी बंधारा होता. कुणी बांधला म्हणून विचारलं की म्हातारी माणसं आभाळाकडे बोट दाखवायची, त्यावरून त्यांनाही ठाऊक नव्हतं एवढं कळायचं. बंधाऱ्यातून एक पाट निघे आणि गावच्या सगळ्या बागायतीला पाणी देई. ती बागायत मोठमोठ्या तुकड्यांत पाडलेली होती. त्या प्रत्येक तुकड्याला आम्ही फड म्हणायचो. गंमत अशी की प्रत्येक घराची एक एक पट्टी प्रत्येक फडात होती. एका फडात एकच पीक, सगळ्यांचं. तू ऊस लाव, मी गहू लावतो, हे तिथे चालायचं नाही. पाणी कमी पडलं तर सारं गाव बसून ठरवायचं की अमुक फड यंदा कोरडा. मग सगळ्यांचीच एक पट्टी कोरडी पडायची आणि कुणी कुणाकडे बघून जळायला जागा उरायची नाही. जळणारे तरी जळतच, तो भाग वेगळा.

पाणी सोडायचं ते पाटाच्या शेपटापासून. सगळ्यात लांबच्या शेतकऱ्याची पाळी आधी, बंधाऱ्याजवळच्याची शेवटी. कारण उघड होतं. जवळच्याला आधी पाजलं तर लांबच्याचं नाव कुणाच्या लक्षात राहणार? हे सगळं बघायला, कुणाच्या शेताचं तोंड कधी उघडायचं आणि कधी बुजवायचं ते ठरवायला, एक माणूस ठेवलेला असे. तो पाटकरी. खांद्यावर फावडं टाकून तो दिवसभर पाटाच्या काठाने हिंडायचा. त्याचा शब्द शेवटचा.

पाटकरी असा निवडायचा की ज्याची पाटावर वितभर जमीन नाही. आबांना तर कुठेच जमीन नव्हती, त्यामुळे ते या बाबतीत फारच लायक होते. त्यांच्या पोटाची सोय गावाने केली होती. सुगीला खळ्यावर, सगळ्यांच्या देखत, प्रत्येक घराने सारखंच धान्य त्यांच्या पदरात टाकायचं. त्यावर आणखी एक रीत होती, आणि माझ्या आयुष्याचा सगळा घोळ तिथून सुरू झाला. जोवर फावडं खांद्यावर आहे तोवर पाटकऱ्याने पाटवाल्याच्या, म्हणजे पाटाचं पाणी घेणाऱ्याच्या, घरी अन्न खायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. पाटवाल्या घरच्या माणसाने त्याचा उंबरा ओलांडायचा नाही आणि त्याने त्यांचा. जे काय बोलायचं ते पाटाच्या काठावर, उघड्यावर, चार माणसांच्या कानांदेखत.

ही रीत उगाच आलेली नव्हती. आबांच्या आधीच्या पाटकऱ्याने एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी ओसरीवर बसून आमरस चापला. त्यापुढच्या पाळीला त्या माणसाच्या शेतात पाणी जरा जास्त वेळ राहिलं म्हणे. फडात काठ्या निघाल्या, दोघांची डोकी फुटली. तो आमरस पाण्यासाठी पाजला होता की घरात आंबे जास्त झाले म्हणून, ते कुणालाच कधी कळलं नाही. सगळं दुखणं त्यातच होतं.

म्हणजे बघा, गावाने सगळ्या पंचक्रोशीतला सर्वांत खादाड माणूस हुडकून काढला आणि त्याला सांगितलं, बाबा रे, कुणाकडे जेवायचं नाही! पण गाव तसं वेडं नव्हतं. त्यांनी हिशेब केला होता की याच्या घरी ती पोर आहे, ती याला इतकं चांगलं खाऊ घालते की हा दुसऱ्याच्या ताटाकडे ढुंकून बघणार नाही. आणि खरंच, कितीतरी वर्षं ते तसं सुरळीत चाललं. लोकांनी मांडे केले की मुद्दाम दार उघडं ठेवायचे, वास पाटापर्यंत जावा म्हणून. आबा नाक वर करून वास घ्यायचे, मिशीवरून हात फिरवायचे आणि घरी येऊन मला सांगायचे, अमक्याच्या पुरणात आज वेलची जास्त होती.

मग मी लग्नाची झाले.

पहिलं स्थळ आलं शहाद्याकडचं. चांगलं खातंपितं घर, दारात बैलांच्या दोन जोड्या, शिवाय मुलगा दिसायला बरा. मी नाही म्हटलं. शेजारच्या मावशीबाई माझ्या अंगावर आल्या, "काय राजाचा कुमर पाहिजे का तुले?" मला राजाचा कुमर नको होता. मी गेले तर आबांना भाकर कोण भाजून घालणार, एवढाच माझा प्रश्न होता. मला रात्रंदिवस तेच दिसायचं. आबा चुलीपुढे उकिडवे बसलेत, डोळ्यात धूर, हातात पिठाचा गोळा, आणि त्या गोळ्याचं पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक नाही.

म्हणून मी गावातलंच घर धरलं. आमच्या दोन गल्ल्यांपलीकडे एक घर होतं. माणसं बरी होती, मुलगाही बरा. फडात बैल हाकताना तो गाणं म्हणायचा. इतका बेसूर की बैल आपसूक भराभर चालायचे, सुटका करून घ्यायला. पण मनाचा सरळ होता. मी त्याच्यासाठी होकार दिला आणि आबांना सांगितलं, आता काळजी नाही, सकाळ संध्याकाळ ताट पाठवीन. आबांच्या डोळ्यात पाणी आलं. ते लेकीच्या मायेने आलं की भरिताच्या आठवणीने, ते मी तेव्हाही विचारलं नाही.

सुपारी फुटायच्या वेळी गावातले पंच कुरकुरले. पाटकऱ्याची पोर पाटवाल्याच्या घरी? मग हा व्याह्याच्या शेतात पाणी जास्त सोडणार नाही कशावरून? खूप वेळ खल झाला. शेवटी ठरलं की सोयरीक होऊ द्या, फावडंही राहू द्या, पण सोयऱ्याला रीत तीच, जी बाकीच्यांना. आबांनी हात वर करून शपथ घेतली की लेकीच्या शेतालाही तेवढंच पाणी, जेवढं सगळ्यांना. सगळे खूश झाले. साखर वाटली गेली.

पाण्याचा विचार सगळ्यांनी केला. भाकरीचा कुणीच केला नाही. पंचांनी नाही, आबांनी नाही, आणि जिने सगळी खटपट भाकरीसाठीच केली होती तिनेही नाही.

लग्नानंतर सासरी पहिल्यांदा चूल माझ्या हाती आली त्या संध्याकाळी मी भरीत केलं, भाकरी भाजल्या, ताट झाकलं आणि नवऱ्याच्या हाती दिलं. "आबांना देऊन या." तो गाणं गुणगुणत गेला आणि गाणं न म्हणता परत आला. ताट तसंच झाकलेलं.

"काय झालं?"

"आबा म्हणाले, आता मन्ही पोर बी पाटवाली व्हई गई ना."

मी त्या ताटाकडे बघत उभी राहिले. माय वं! डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो उजेड फार वाईट होता. शहाद्याला दिली असती तर निदान आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी येऊन आठ दिवस आबांना करून घातलं असतं. इथे दोन गल्ल्यांवर राहून मला त्यांचा उंबरा चढायची सोय राहिली नव्हती. मी जवळ राहण्यासाठी जेवढी धडपड केली तेवढी लांब जाऊन पडले होते.

मी रागावले. आबांवर, पंचांवर, बंधाऱ्यावर, आमरस चापणाऱ्या त्या मेल्या पाटकऱ्यावर. दुसऱ्या दिवशी पाटावर आबा भेटले. मी फडात पाण्याला उभी होते, ते काठावर. उघड्यावर बोलायला बंदी नव्हती.

"आबा, काय खाधं काल?"

"भाकर."

"कोन्ही कयी?"

"मी कयी ना."

"करपनी व्हती?"

आबांनी फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "थोडीशी करपनी," म्हणाले आणि पुढे निघून गेले.

थोडीशी म्हणजे किती, ते सगळ्या गावाला कळत होतं. दिवस कलला की आमच्या अंगणात वाऱ्याबरोबर करपल्याचा वास यायचा. सासूबाई नाक धरायच्या. "उना तुन्हा बापना धूर," म्हणायच्या. आबांची भाकर म्हणजे मध्ये कच्ची, कडेला कोळसा आणि आकाराने काहीही. एकदा त्यांनी तिला उलथताना ती थेट चुलीत पडली, तर राख झटकून खाल्ली म्हणे. हे मला शेजारच्या बाईने हसत हसत सांगितलं. मीही हसले. मग गोठ्यात जाऊन खूप रडले.

सासूबाईंचा राग वेगळाच होता. व्याही घरी येत नाही, जेवत नाही, पाण्याच्या तांब्याला हात लावत नाही, हा त्यांना स्वतःचा धडधडीत अपमान वाटायचा. रीत ठाऊक होती त्यांना. पण रीत ठाऊक असली म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे? विहिरीवर बायका जमल्या की त्यांचं रडगाणं सुरू. "आमचा व्याही मोठा राजा! मन्हा घरनं पानी त्याले चालत नही." रोज तेच. कुणाचा हंडा भरला तरी बाई थांबून ऐकायची, कारण सासूबाई आबांच्या चालीची नक्कल फार छान करायच्या.

हात बांधून बसणं माझ्या स्वभावात नाही. गावाच्या टोकाला एक म्हातारी कुंभारीण राहायची. तिची पाटावर जमीन नव्हती, म्हणजे आबांना तिच्या घरी जेवायला मोकळीक होती. मी तिला पटवलं. पीठ, वांगी, तेल माझं, चूल तिची. मी दुपारी हळूच जायचे, भाकरी भाजायचे, भरीत करून ठेवायचे आणि परत यायचे. मग आबा पाटावरून येताना म्हातारी त्यांना हाक मारायची, "ये रे भाऊ, दोन घास खाई ले." काय सांगू, मला वाटलं मी सगळ्या गावाला गुंडाळून ठेवलं.

पहिल्या दिवशी आबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. कुंभारीण मला नंतर सगळं सांगत होती. त्यांनी भाकर उचलून उजेडात धरली. माझी एक खोड होती, भाकर थापली की कडेला अंगठा दाबायचा. का, ते मलाही ठाऊक नाही. आबांनी त्या खुणेवर स्वतःचा अंगठा ठेवला.

"हाई भाकर तुन्ही नही शे."

"मन्हीच शे, दुसरी कोन्ही असनार?" म्हातारी म्हणाली. खोटं बोलायची तिला मुळीच सवय नव्हती, ती आत्तापर्यंत फक्त मडकी करत आली होती.

"मन्ही पोरना हात शे हाऊ," आबा म्हणाले. तोंडातला घास त्यांनी गिळला. टाकता आला नाही त्यांच्याने. मग ताट पुढे सरकवलं, हात धुतले आणि उठले. जाताना एवढंच बोलले की उद्यापासून हाक मारू नको. त्या दिवसापासून पाटवाला असो की नसो, गावात कुणाच्याच चुलीवर त्यांचा विश्वास राहिला नाही. आधी निदान सणावाराला कुंभारणीकडे, शाळामास्तरांकडे जेवायचे, तेही बंद. माझ्या हुशारीने आबांची उरलीसुरली सोयही गेली. दुसऱ्या दिवशी पाटावर त्यांनी माझ्याकडे बघून बोट उगारलं, मग हसले. "भरीत ब्येस व्हतं," म्हणाले. मला हसावं की फावडं हिसकावून घ्यावं ते कळेना.

आता माझी सगळी आशा आखाजीवर. आमच्याकडे आखाजीला शेतीचं वर्ष बदलतं. सालदार बदलतात, आणि पाटकरीही तेव्हाच नेमतात. बंधाऱ्यापाशी सगळे जमायचे. जुन्या पाटकऱ्याने फावडं भुईवर ठेवायचं. ज्याला गाव सांगेल त्याने ते उचलायचं. आबा फावडं ठेवायचे, लोक एकमेकांकडे बघायचे, कुणीतरी म्हणायचं, "उचला आबा." आणि आबा लगेच उचलायचे. भुईला ते टेकतं न टेकतं. दर आखाजीला पोरी माहेरी यायच्या, झोके बांधायच्या, गौराईची गाणी म्हणायच्या. मी आमरस काढून, मांडे करून वाट बघत राहायचे की यंदा तरी म्हातारा फावडं खाली ठेवेल. दर वर्षी मांडे आम्हीच खायचो. मी कधी कधी म्हणायचे सुद्धा, "आबा, आता बस करा ना. फावडं लोकांना द्या आणि माझ्याकडे जेवायला या." आबा म्हणायचे, "पुढला साल." त्यांना मान फार प्यारा होता, हे मी त्यांची पोर असूनही सांगते. पाटाच्या काठाने चालताना सगळे वाकून राम राम करायचे, तो त्यांना भरितापेक्षा गोड लागायचा की काय, देव जाणे.

मग ते कोरडं वर्ष आलं. पाऊस अर्ध्यावरच थांबला. दिवाळीनंतर नदी इतकी बारीक झाली की बंधाऱ्यावरून शेळ्या खूर न भिजवता जायच्या. गावाने बसून ठरवलं, उसाचा फड सोडून द्यायचा, पाणी फक्त गव्हाला. सगळ्यांचा ऊस वाळला. त्यात आमच्या गावचे पाटील होते, त्यांच्या पट्ट्या रुंद, त्यामुळे त्यांचा ऊसही सगळ्यात जास्त वाळला. ते धुमसत होते. ज्याचं जास्त जातं त्याला सारखं जाणंही जास्तच वाटतं.

पौषाच्या सुमाराला पाटलांच्या नजरेला पडलं की आमच्या गव्हाची पट्टी बाकीच्यांपेक्षा हिरवी आहे. होतीच. सारा फड पिवळा पडत चालला होता आणि आमचा गहू असा टवटवीत की मलाच लाज वाटावी. पाटलांनी गाव बोलावलं. बंधाऱ्यावर सगळे जमले, बायका मागे वडाखाली उभ्या. मीही होते, सासूबाईही. आबा फावडं टेकून मधोमध उभे. पाटलांनी फार मोठ्याने सांगितलं की पाटकऱ्याने गावाशी बेइमानी केली, यांचं फावडं आजच्या आज काढून घ्या.

मी इतकी वर्षं त्या फावड्याचा दुस्वास करत आले होते, पण ते असं जावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. आबांपाशी दुसरं काहीच नव्हतं हो. जमीन नाही, मुलगा नाही, बायको नाही. तेवढा विश्वास होता लोकांचा.

पाटलांना आणखी चेव आला. आणि मग त्यांच्या तोंडून ते वाक्य गेलं.

"पोरना घर रोज जेवस हाऊ! गहू हिरवा नही व्हई तं काय व्हई?"

मग कुणीतरी फुस्सकन हसलं. मग आणखी एक. बघता बघता सगळा बंधारा हसायला लागला. पाटील गोंधळून इकडे तिकडे बघत होते. त्यांचा वाडा गावाच्या वरच्या अंगाला, वारा तिकडून खाली वाहायचा. आबांच्या भाकरीचा वास बिचाऱ्यांपर्यंत कधी पोचलाच नव्हता. सगळ्या गावात तेच एकटे होते ज्यांना ठाऊक नव्हतं.

एवढ्यात सासूबाई वडाखालून पुढे आल्या. डोक्यावरचा पदर घट्ट ओढला आणि कमरेवर हात.

"हाऊ मानूस मन्हा घर जेवस? हाऊ? अरे, पानीना घोट बी लेत नही तो! कितला साल व्हई गयात, मन्हा अंगनमा पाय ठेवा नही त्यानी. व्याही शे का दगड शे? ईचारा कोनले बी विहिरवर!"

विहिरीवरच्या बायका सगळ्या माना हलवायला लागल्या. वर्षानुवर्षं रोज ऐकलेलं होतं त्यांनी, नकलेसकट. सासूबाईंनी आबांना जितक्या शिव्या घातल्या होत्या तितक्या त्या दिवशी आबांच्या कामी आल्या. पाटील खाली बसले. मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंना मनापासून मिठी मारावी म्हणून पुढे झाले.

तर आबा बोलले. "चला, गहू दखू," म्हणाले. सगळं गाव फडात गेलं. आबांनी आमच्या पट्टीत फावडं मारलं. वरून पाटाची कड फुटून पाझर येत होता, जमीन खोलगट होती, म्हणून ओल टिकून राहिली होती. कुणाची चोरी नव्हती. सासूबाईंचं तोंड विजयाने फुललं.

आबांनी ओली माती मुठीत दाबून बघितली आणि म्हणाले, "याले ओल शे. याले पुढली पाळी नही. ती पाळी शेवटला शेतले जाई." आणि तिथल्या तिथे त्यांनी आमच्या शेताचं तोंड मातीने बुजवून टाकलं.

सासूबाईंचं तोंड जे उघडलं ते सगळ्यांनी ऐकलं. आत्ता ज्या माणसाची बाजू घेऊन त्या गावाशी भांडल्या त्याच माणसाला त्यांनी त्याच दमात दगडाचाही दगड म्हटलं. नवरा हळूच माझ्या कानात म्हणाला, "तुझ्या बापाला हात जोडले बुवा." आबा पाटाच्या काठाने चालू लागले होते. मी हसत होते आणि डोळेही पुसत होते. त्या वेळी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की पुढल्या वर्षीच काय, कधीच फावडं ठेवू नका, असं मनात येऊन गेलं. संध्याकाळी अंगणात करपल्याचा वास आला आणि ते मनातलं पुन्हा मनातच विरलं.

त्यानंतर गाव आबांना सोडायला तयारच नव्हतं. माझी पोरं मोठी झाली. ती पाटावर जाऊन आजोबांशी गप्पा मारायची, पण बोरं द्यायला गेली तर आजोबा हात मागे घ्यायचे. थोरल्याने एकदा विचारलं, "आबा तुझ्यावर रुसलेत का?" मी म्हटलं, हो, आणि त्यांचा रुसवा सगळ्या गावाने मिळून ठरवलेला आहे.

मग आबांचे गुडघे गेले. पाटाच्या काठाने चालताना ते जिथे तिथे थांबायला लागले. त्या आखाजीला त्यांनी बंधाऱ्यापाशी फावडं ठेवलं. कुणीतरी सवयीने म्हटलं, "उचला आबा." आबा वाकले नाहीत. फावड्याकडे बघत उभे राहिले. मग शेपटाकडच्या फडात मजुरी करणारा एक भूमिहीन तरुण पुढे झाला, त्याने ते उचललं आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

आबा तिथून थेट आमच्या घराकडे निघाले. मागून लोक येत होते. सासूबाई तेव्हा बऱ्याच थकल्या होत्या, तरी स्वतः उठून दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. आबांनी उंबऱ्यावर थोडा वेळ पाय थांबवला. मग आत आले, तांब्या घेतला आणि गटागटा सगळा प्याले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी मांडे केले होते, आमरस होता, सांजोऱ्या होत्या. आबांनी ते सगळं बाजूला सारलं. "भरीत शे का?" म्हणाले. होतं. मी आधीच वांगी भाजून ठेवली होती, मला माझा बाप ठाऊक नव्हता का? चुलीपुढे बसून कळण्याची भाकर थापली, कडेला अंगठा दाबला आणि टम्म फुगवून त्यांच्या ताटात टाकली. इतक्या वर्षांची साठलेली ती भाकर.

आबांनी तुकडा मोडला, भरिताला लावला, तोंडात घातला. हळूहळू चावत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मीठ कमी म्हणतील की जास्त?

"बरी शे वं पोरी," ते म्हणाले. मग जरा ओशाळल्यासारखे झाले. "पन जराशी करपाले पाहिजे व्हती."

मी चुलीकडे वळले, दुसरी भाकर तव्यावर टाकली, आणि कडा काळ्या होऊन घरभर धूर होईपर्यंत ती उलथलीच नाही.